सातव्या प्रश्नाचा भाद्रपद

श्रावण सरत आला की आमच्याकडं दोन हंगाम एकदम सुरू होतात. एक रानातला, एक टीव्हीवरचा. रानात मुगाच्या शेंगा काळ्या पडायला लागतात, तोडणीला बायका मिळेनाशा होतात. आणि तिकडं टीव्हीवर त्या प्रश्नमंजुषेच्या नव्या पर्वाच्या जाहिराती लागतात. परवा संध्याकाळी तशीच एक लागली. निळे दिवे, गोल फिरणारी खुर्ची, ढोल बडवल्यासारखं संगीत आणि 'तुम्हीही इथं येऊ शकता' म्हणणारा तो ओळखीचा आवाज. मंगल, माझी बायको, ओसरीवर शेंगा पसरत होती. तिनं मान वर करून पाहिलंसुद्धा नाही. मीच उठून आवाज मोठा केला आणि मग उगीचच बारीक केला.

चार वर्षं झाली. तरी ते संगीत वाजलं की माझी छाती फुगते आणि त्याच वेळी आत कुठंतरी टोचतंही. फुगते ती तिच्यामुळं. टोचतं ते माझ्यामुळं. त्या वर्षीच्या भाद्रपदाबद्दल एकदा नीट लिहावं, असं तेव्हापासून मनात आहे.

मी मूळचा याच जिल्ह्यातल्या वाशीचा. वडिलांचं तिथल्या बाजारपेठेत किराणा दुकान होतं. धान्य, डाळी, शेंगदाणे हे सगळं मी पोत्यात पाहिलं. रानात उभं असलेलं फार कमी. बेंबळीच्या शाळेत मराठी शिकवायला आलो आणि इथल्याच मंगलशी लग्न झालं. ती आईबापाची एकुलती एक. दोन एकर रान तिच्या नावावर, म्हणून बिऱ्हाड इथंच पडलं. त्यामुळं निम्मं गाव मला 'सर' म्हणतं आणि उरलेलं म्हातारं गाव 'जावईबापू'. रानातलं तिचं, पुस्तकातलं माझं, अशी आमची न बोलता झालेली वाटणी होती. तिच्या वाटणीत मी कधी डोकावलो नाही. माझ्या वाटणीत मात्र ती कधीच शिरून बसली होती, आणि मला पत्ता नव्हता.

तो लागला असा. संध्याकाळी सातला कार्यक्रम सुरू व्हायचा. मी पुढच्या खोलीत टीव्हीसमोर, ती आत चुलीपुढं. भाकरी थापल्याचा आवाज यायचा, तव्यावर पाणी फिरवलं की चर्र व्हायचं, पीठ भाजल्याचा वास घरभर. एकदा प्रश्न आला, माणसाच्या शरीरातलं सगळ्यात लहान हाड कुठं असतं? मी मनातल्या मनात म्हणालो, करंगळीत. आतून आवाज आला, "कानात." पडद्यावरच्या माणसानं बराच वेळ घेऊन तेच सांगितलं आणि टाळ्या पडल्या. मला वाटलं, चुकून लागलं. पुढचा प्रश्न सूर्याला सगळ्यात जवळचा ग्रह कोणता, हा होता. पर्याय वाचायच्या आधीच आतून आलं, "बुध." आणि मग थाप, थाप, थाप.

मी उठून दारात उभा राहिलो. "तुला कसं गं माहीत?"

"तुमच्याच पुस्तकात हाय की. निळ्या."

शिष्यवृत्ती परीक्षेची मुलं दरवर्षी आमच्या ओसरीवर सामान्य ज्ञान पाठ करायला बसतात. ती घोकायची आणि मंगल दळण निवडता निवडता ऐकायची. मुलं गेल्यावर पुस्तकं चाळायची. वर्षानुवर्षं. "मुलं तर परीक्षा झाली की आठ दिवसांत सगळं विसरतात," मी म्हणालो.

तिनं भाकरी उलटली. "त्यांची परीक्षा होती, म्हणून इसरत्यात. माझी झालीच न्हाय. मग इसरणार कवा?"

त्या दिवसापासून मी टीव्हीचं तोंड जरा स्वयंपाकघराकडं वळवून ठेवलं. एवढंच केलं. पुढचं तिनं स्वतः केलं. त्या वर्षी मोबाइलवर रोज एकेका प्रश्नाचं उत्तर पाठवून नाव नोंदवता यायचं. दुपारी बांधावर जेवण झालं की ती उत्तरं पाठवायची. मला कळलं ते कार्यक्रमवाल्यांचा फोन आला तेव्हा. चाचणीला सोलापूरला बोलावलं होतं.

मी म्हणालो, "अगं, तिथं शिकलेली माणसं येतात."

"मग मी काय कमी हाय व्हय? धाव्वीपतुर शिकलीया की मीबी."

सोलापूरच्या चाचणीत ती पास झाली. भाद्रपदात, गौरी-गणपतीच्या सुट्टीत, मुंबईला चित्रीकरण ठरलं.

तयारीला उरला तो श्रावण. त्या श्रावणाचा वास मला अजून येतो. खुरपल्या तणाचा कच्चा हिरवा वास, भिजलेल्या काळ्या मातीचा, आणि डब्यातल्या लसणाच्या चटणीचा. सोयाबीन मांडीला लागेल इतकं वाढलं होतं. सकाळी रानात शिरलं की विजारीचे पाय दहिवरानं ओले व्हायचे आणि कोळ्यांची जाळी तोंडावर चिकटायची. मंगलबरोबर खुरपायला राधाबाई असायच्या. सत्तरीकडं झुकलेल्या, मंगलच्या आईच्या वेळेपासून या रानात येणाऱ्या. त्यांना वाचता येत नव्हतं, तरी मंगलचे प्रश्न त्याच घ्यायच्या. पुस्तकातले कुठून विचारणार? स्वतःचे विचारायच्या.

एका रविवारी मी चहाची किटली घेऊन रानात गेलो. दोघी शेजारच्या ओळींत उकिडव्या बसून पुढं सरकत होत्या. खुरप्यांचा खचखच आवाज आणि त्या तालावर प्रश्न.

"सांग, गाईला वरचे पुढचे दात किती?"

"एकबी न्हाय."

"सापाला कान?"

"न्हाईत."

"हुशार हाय माझी लेक," राधाबाई म्हणाल्या आणि माझ्याकडं वळल्या. "जावईबापू, तुमाला इचारू का एक?"

"विचारा की."

"इच्चवाला पाय किती?"

"सहा," मी शाळेतल्या आवाजात सांगितलं.

दोघी खुरपी टाकून हसल्या. राधाबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. "आठ ओ, आठ! उभ्या जल्मात इच्चू बघितला न्हाय व्हय तुमी?"

पाहिला होता. पाय मोजले नव्हते. त्या वेळी मीही हसलो आणि चहा ओतला. आपल्याला न मोजता ठोकून द्यायची सवय आहे, हे त्या हसण्यात वाहून गेलं.

मुंबईला आम्ही आदल्या दिवशी पोहोचलो. चित्रीकरण दुसऱ्या दिवशी सकाळी होतं. बाहेर ऊन होतं, पण आत गेल्यावर दिवस की रात्र काही कळेना. थंडी इतकी, की मंगलनं इरकलीचा पदर दोन्ही खांद्यांवरून ओढून घेतला. टीव्हीवर अफाट दिसणारं ते सभागृह प्रत्यक्षात आमच्या शाळेच्या दोन वर्गांएवढं होतं. एका मुलीनं मला पहिल्या रांगेत, मंगलच्या बरोबर समोर बसवलं. तिच्या कानाला यंत्र होतं आणि हातात कागदांचा गठ्ठा. "काका, कॅमेरा तुमच्यावर आला की छान हसायचं," ती म्हणाली.

सूत्रसंचालकानं मंगलला विचारलं, कुठून आलात, काय करता?

"धाराशिव जिल्हा, बेंबळी. शेती करते."

"आणि मिस्टर?"

"ते शाळेत मास्तर हैत."

"अच्छा! म्हणजे सगळी तयारी सरांनी करून घेतली तर!"

लोकांनी टाळ्या वाजवल्या. कॅमेरा माझ्यावर आला. मी छान हसलो आणि हात जोडले. 'तसं नाही हो, तिचं तिनंच केलं' एवढं म्हणायला मला तीन सेकंद लागले असते. मी हात जोडलेलेच ठेवले.

पहिले सहा प्रश्न तिनं असे सोडवले, जसा एखादा माणूस पायाखालच्या वाटेनं घरी जातो. घाई नाही, अडखळणं नाही. प्रश्न पूर्ण वाचू द्यायची, पर्याय ऐकून घ्यायची, मग अक्षर सांगायची. माझ्या शेजारी बसलेला पुण्याचा एक स्पर्धक पुटपुटला, "काकू भारी आहेत." मी त्याला सांगितलं, माझी मिसेस.

मग सातवा प्रश्न आला.

भुईमुगाच्या शेंगा झाडाच्या कोणत्या भागापासून तयार होतात? अ, मूळ. ब, खोड. क, फूल. ड, पान.

तोपर्यंत ताठ बसलेली मंगल जरा मागं टेकली. तिच्या चेहऱ्यावर त्या दिवसातलं पहिलं हसू आलं. घरचंच कुणीतरी अचानक भेटल्यासारखं. "क," ती म्हणाली. "फूल."

पडदा लाल झाला. वाद्यांचे सूर खाली घसरत गेले.

"अरेरे! मंगलताई, शेतकरी असून चुकलात!" सूत्रसंचालकानं कपाळाला हात लावला. "बरोबर उत्तर आहे अ, मूळ."

खरं सांगतो, मलाही मूळच वाटलं होतं. उपटलेल्या रोपाला मातीत लोंबणाऱ्या शेंगा मी पाहिल्या होत्या. जमिनीखाली असतं ते मूळ, इतकं ते सरळ होतं. आता ती उठेल, नमस्कार करेल आणि आपण गावाकडं जाऊ, असं धरून मी पिशवीसुद्धा उचलली.

मंगल उठली नाही.

"न्हाय सर," ती म्हणाली. "मुळाला येत न्हाय शेंग."

सूत्रसंचालक हसला. "ताई, कॉम्प्युटर सांगतोय."

"कॉम्प्युटरला कुणीतरी सांगितलं असंल की. त्यांचं चुकलंय."

सभागृहात हशा पिकला. पुण्याचा तो स्पर्धकही हसला. माझे कान तापले. इतक्या लोकांत, इतक्या दिव्यांखाली माझी बायको वाद घालत होती आणि लोक तिला हसत होते. मी हात पुढं केला, पंजा पालथा धरला आणि दोनदा खाली दाबला. वर्गात गडबड करणाऱ्या मुलांना करतो तसा. बस. गप बस.

तिनं ते पाहिलं. आमची नजरानजर झाली. मग तिनं नजर माझ्यावरून काढून पुन्हा सूत्रसंचालकाकडं नेली.

"भुईमुगाला फूल येतं पिवळं," ती सावकाश बोलायला लागली. "ते सुकलं की त्याच्यातनं सुईवानी बारीक आरी निघती. ती खाली वाकती, मातीत शिरती, आन् तिच्या टोकाला शेंग धरती. आऱ्या सुटल्या की आमी रानात खुरपं लावत न्हाय. उलट रोपांवरनं रिकामं पिंप फिरवतो. म्हंजी वर ऱ्हायलेल्या आऱ्या मातीत दबत्यात, शेंगा जास्त लागत्यात. मुळालाच शेंग येत असती सर, तर वरनं पिंप कशाला फिरवलं असतं?"

आता कुणी हसलं नाही. सूत्रसंचालकानं कानातल्या यंत्रावर बोट ठेवलं, काहीतरी ऐकलं आणि चित्रीकरण थांबलं.

ती कागदवाली मुलगी धावत आली. "काकू, आमचे सगळे प्रश्न तज्ज्ञांनी तपासलेले असतात."

"तपासले असतील गं बाई," मंगल शांतपणे म्हणाली. "पण रानात न्हाईत तपासले."

मोठे दिवे विझवले. लोक पाय मोकळे करायला उठले. ती मात्र त्या उंच खुर्चीवर तशीच बसून राहिली, मांडीवर हात ठेवून. मी जवळ गेलो. "चल ना," मी दबक्या आवाजात म्हणालो. "कशाला वाद? एवढं मिळालं ते काय कमी आहे?"

"तुमी जागेवर बसा," ती म्हणाली.

रागावून नाही. पेरणी चालू असताना मध्ये आलेल्या माणसाला 'जरा बाजूला व्हा' म्हणावं, तसं.

मी जागेवर बसलो. तासभर गेला. कुठल्याशा कृषी महाविद्यालयातल्या प्राध्यापकांना फोन गेल्याचं कानावर आलं. त्या तासात मी काय काय ठरवलं, ते आता आठवून हसू येतं. गावात काय सांगायचं, शाळेत काय सांगायचं, 'प्रश्न अवघड होता' हे कसं सांगायचं. 'ती बरोबर आहे' हे सांगायची वेळ येईल, असं मात्र एकदाही मनात आलं नाही. बावीस वर्षं ती ते रान करत होती. बावीस वर्षं त्या रानातल्या शेंगा मी भाजून, उकडून, कुटून खात होतो. आणि त्या शेंगांबद्दल मी विश्वास ठेवला तो पडद्यावर.

मग ती मुलगी परत आली. या वेळी चालत. "काकू," ती म्हणाली, "तुमचं बरोबर आहे."

सूत्रसंचालक स्वतः उठून मंगलपाशी गेला. लिहून दिलेलं न वाचता बोलताना त्याचा आवाज वेगळाच, साधा होता. त्यानं हात जोडले. "मला खरंच माहीत नव्हतं, ताई. आणि मी हसलो, ते चुकलं माझं."

"असू द्या," ती म्हणाली. "खाणाऱ्याला काय म्हाईत असतं सगळं."

तो तिथं तासाभरात मोकळा झाला. मला मोकळं व्हायला दीड महिना लागला.

पुढचं सगळं भराभर झालं. सातवा प्रश्न पहिल्यापासून पुन्हा घेतला. पुन्हा तेच वाचन, पुन्हा 'क, फूल', या वेळी पडदा हिरवा. "काकू, आनंद दाखवा ना!" ती मुलगी म्हणाली. मंगलला तो दाखवता येईना. तीनदा केलं, तिन्ही वेळा ती नुसतीच समाधानानं बसून राहिली. शेवटी त्यांनीच सोडून दिलं. आठवा प्रश्न गोल्फचा होता. त्याच्या पूर्ण मैदानात खड्डे किती? आम्ही दोघांनी गोल्फचं मैदान कधी पाहिलेलं नव्हतं. "मला न्हाय म्हाईत," ती म्हणाली. "थांबते मी."

"अंदाज?" सूत्रसंचालकानं विचारलं.

"जे बघितलंच न्हाय, त्याचा अंदाज कशाला बांधू?"

या वेळी टाळ्या आधीच्या सगळ्यांपेक्षा जोरात पडल्या, आणि त्या वाजवायला कुणी खुणावलं नव्हतं.

किती मिळाले, हे गावानं महिनाभर विचारलं. ते मी इथं लिहीत नाही. तिनंच नको म्हटलंय.

परतीच्या प्रवासात ती खिडकीशी बसून भडंग खात होती. मी तीन-चार वेळा तोंड उघडलं. 'मी तुला गप बस म्हणालो' हे वाक्य काही फार मोठं नाही. कुर्डुवाडी आली, बार्शी आली, आमचं स्टेशन आलं, आणि ते वाक्य तोंडातच राहिलं.

'सामान्य ज्ञान' हे शब्द मी फळ्यावर किती वेळा लिहिले असतील. त्याखाली राजधान्या, नद्या, शोध, पुरस्कार. मुलांकडून घोकून घेतले. घोकून घेताना मला कधी वाटलं नाही, की यातली प्रत्येक गोष्ट कुणीतरी, कधीतरी, कुठंतरी वाकून पाहिली असणार. तेव्हाच ती पुस्तकात आली. पाहणारा आधी आणि छापणारा मागून. आमच्या घरातही क्रम तोच होता. मी छापलेल्या बाजूला बसलो होतो आणि स्वतःला पुढं समजत होतो.

कार्यक्रम दाखवला तो दसऱ्यानंतर. सोयाबीनच्या राशी झाल्या होत्या, माणसं जरा मोकळी होती. शाळेच्या सभागृहात पडदा लावला. संध्याकाळी सातच्या आधीच जागा भरली. बायका सतरंज्यांवर, म्हातारे खुर्च्यांवर, मुलं खिडक्यांत. मंगल पुढं बसली होती, शेजारी राधाबाई. पडद्यावर 'बेंबळी' हे नाव उमटलं, तेव्हा जो आरडाओरडा झाला, त्यानं बाहेरची कुत्री भुंकायला लागली. प्रत्येक उत्तराला टाळ्या. सहा प्रश्न झाले.

सातवा आला. प्रश्न, चार पर्याय, "क, फूल," हिरवा पडदा, "अगदी बरोबर!" आणि लगेच जाहिरात.

बस. एवढंच. तो लाल पडदा नाही, तो हशा नाही, तो तास नाही. सगळं कापलेलं. पिंपाचं तर नावही नाही. माझ्या मागून कुणीतरी म्हणालं, "ह्यो तर लई सोपा हुता की! शेतकऱ्याला भुईमूगच इचारला." आणि दुसरं कुणी म्हणालं, "घरात सर असल्यावर काय, घरातच इद्यापीठ."

मंगलनं मागं वळून पाहिलं नाही. ती पडद्यावरची साबणाची जाहिरात पाहत बसली. मी तिच्या पाठीकडं पाहिलं आणि माझ्या ध्यानात आलं, की त्या सभागृहात खरं काय घडलं हे ठाऊक असलेली दोनच माणसं आहेत. त्यातलं एक ते कधीच कुणाला सांगणार नाही.

कार्यक्रम संपल्यावर सत्कार होता. मुख्याध्यापकांनी भाषण केलं, आणि शाल-श्रीफळासाठी पहिलं नाव घेतलं ते माझं. 'ज्यांनी हे रत्न घडवलं.' टाळ्या पडल्या. मी उठलो, पुढं गेलो, पण शाल घ्यायला मान वाकवली नाही. माइक मागून घेतला.

"मी हिला काही शिकवलेलं नाही," मी म्हणालो. "आणि तुम्ही आत्ता पाहिलंत ते तसं घडलेलं नाही."

मग सगळं सांगितलं. लाल पडदा, लोकांचं हसणं, आऱ्या, पिंप, तो तास. कॅमेरा माझ्यावर आला तेव्हा मी जोडलेले हात. सांगता सांगता त्या खुणेपाशी आलो आणि थांबलो. समोर माझे विद्यार्थी होते, त्यांचे बाप होते, तेही कधीकाळी माझेच विद्यार्थी. मी हात पुढं केला, पंजा पालथा धरला आणि दोनदा खाली दाबून दाखवला.

"मी तिला असं केलं. गप बस, म्हणून. मलाही वाटलं होतं, तीच चुकली."

मग पुढून राधाबाईंचा आवाज आला, "मग? बसली का ती गप?"

"नाही."

"आगं माझी बाय!" राधाबाईंनी मंगलच्या पाठीवर अशी थाप मारली, की ती पुढं झुकली. आणि मग ज्या टाळ्या सुरू झाल्या त्या मुलांनीही थांबवल्या नाहीत, मोठ्यांनीही नाही. मी मंगलकडं पाहिलं. ती पदरानं डोळे टिपत होती आणि त्याच वेळी माझ्याकडं रागानं बघत होती. चारचौघांत असं सांगतात का, म्हणून. त्या रागाइतकं गोड मी आयुष्यात काही पाहिलेलं नाही.

तिला बोलायचा आग्रह झाला. ती माइकपाशी आली, घसा साफ केला आणि भाषण करायचं सोडून मुलांनाच विचारलं, "आता खरं सांगा. हे कळायच्या आधी किती जणांना वाटत हुतं, शेंग मुळाला येती म्हणून?"

एक हात वर झाला, मग दहा, मग निम्मं सभागृह. विज्ञानाच्या बाईंनीही हळूच वर केला. मी तर केलाच.

"उद्या सकाळी रानात या," मंगल म्हणाली. "भुईमूग काढायचाय. सगळ्यांनी यायचं. हातबी लागतील मला."

आता ती मुलं मोठी झाली. त्यातल्या तिघी जणींनी यंदा मोबाइलवर त्या कार्यक्रमाला नावं नोंदवलीत. रविवारी मंगलच्या बरोबरीनं ओळ धरून खुरपतात, आणि प्रश्न आता मंगल घालते. राधाबाई बांधावर बसून चुकलेल्यांना हसतात. चहा मी नेतो. पण मला सांगायचंय ते त्या सकाळचं.

चाळीसेक मुलं आली होती. पहाटेचं धुकं नुकतंच विरलं होतं, माती अजून ओलसर होती, म्हणून रोपं सहज निघत होती. उपटल्याबरोबर मातीचा आणि कच्च्या शेंगांचा दुधाळ वास यायचा. "हळू ओढा रं," राधाबाई ओरडत होत्या, "न्हायतर शेंगा मातीतच ऱ्हातील!" मंगलनं प्रत्येकाला एकेक रोप घ्यायला सांगितलं. माती झटकायची, एक शेंग धरायची, आणि तिच्या देठावरून बोट वर वर नेत जायचं. बोट जिथं थांबेल ती जागा तिला दाखवायची. ती एकेकाचं रोप हातात घेऊन बघत होती. कुणाची आरी तुटलेली असली, की दुसरं रोप उपटायला लावत होती. विज्ञानाच्या बाई वहीत चित्र काढत होत्या.

मी बाजूला उभा होतो. मग मीही वाकलो आणि एक रोप ओढलं. माती झटकली. एक शेंग धरली आणि तिच्या दोऱ्यासारख्या देठावर बोट ठेवलं. मुळांच्या गुंत्यातून तो देठ सुटा निघाला. मुळांना कुठंही न चिकटता तो वर आला, मातीच्या रेषेच्याही वर, आणि पान जिथं खोडाला जोडलेलं असतं त्या बेचक्यात जाऊन थांबला. एके काळी तिथं फूल होतं.

मी तेव्हा एकावन्न वर्षांचा होतो. बोट त्या जागेवरून न हलवता मी मुलांच्या रांगेत जाऊन उभा राहिलो. माझ्यापुढं सतरा जण होते. मी थांबलो, माझंही तिनं तपासावं म्हणून.